शब्दचर्चा: दहशतवादी, अतिरेकी, क्रांतिकारक

प्रश्न: बातम्यांत कधी 'अतिरेकी' असतो, कधी 'दहशतवादी'. अर्थ एकच का? आणि चापेकरांनाही 'दहशतवादी' हा शब्द लागू होतो का?

बातम्यांची भाषांतरं करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. मूळ मजकुरात 'मिलिटंट' असो, 'गनमन' असो की 'इन्सर्जंट', घाईत हात आपसूक 'दहशतवादी' टाइप करतो. म्हणून या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहिते.

'दहशत' अरबीतून फारसीमार्गे आला आणि मराठीत पुरता रुळला. बिबट्याची दहशत असते, गल्लीतल्या दादाचीही असते. बिबट्या भुकेपोटी येतो, कुणाला घाबरवावं हे त्याच्या मनात नसतं. दादाला घाबरवायचंच असतं, पण हप्त्यापुरतं. राजकीय मागणी पुढे रेटण्यासाठी लोकांच्या भीतीचंच हत्यार केलं, की मग 'दहशतवाद'. यातला 'वाद' मात्र फसवा आहे. गांधीवाद, मार्क्सवाद यांच्या पंगतीत बसल्यामुळे ती विचारसरणी वाटते, पण ती पद्धत आहे आणि कोणत्याही विचाराचा माणूस ती वापरू शकतो. सरकारसुद्धा. फ्रेंचमध्ये हा शब्द जन्मला तोच १७९३-९४ च्या क्रांतिसरकारने चालवलेल्या शिरच्छेदांच्या सत्रासाठी.

'अतिरेकी' हा शब्द मताचं टोक सांगतो, कृत्य सांगत नाही. टोकाची मतं असलेला माणूस आयुष्यभर कुणाला चापटही न मारता जगू शकतो. मी तो टाळते.

महाराष्ट्रातल्याच एका टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दहशतवादाची नेमकी व्याख्या करणं शक्य नाही. वर्णन मात्र केलं: ज्या हिंसेचा मुख्य परिणाम बळीच्या शरीरामनावरच्या आघातापुरता न राहता समाजाच्या मनावर दीर्घकाळ राहतो, ती. मला यातून एक कसोटी मिळते. मारलं कुणाला, आणि ऐकवायचं होतं कुणाला?

आता चापेकर. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर ते एका ठरावीक माणसाची वाट पाहत होते. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात घरोघरी सोल्जर घुसवणारा रँड. 'गोंद्या आला रे' ही खूण ठरलेली. माणूस निवडलेला, कारण त्याच्या कारभाराचं. याला शब्द आहे: राजकीय हत्या. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर गाडीची वाट पाहत बसलेल्यांना कुणी निवडलं नव्हतं. बोचक्यांवर डोकं टेकलेले ते प्रवासी कोण आहेत याच्याशी मारणाऱ्यांना काही देणंघेणं नव्हतं. म्हणूनच तो दहशतवाद, आणि या दोन्हींना एकच शब्द लावणं मला भाषेचा गुन्हा वाटतो.

पण त्याच रात्री मागच्या बग्गीतला आयर्स्ट हा दुसरा इंग्रज अधिकारीही मारला गेला, हे विसरू नये. हत्येला हत्या म्हटल्याने ती निर्दोष ठरत नाही. शब्द नेमका असावा एवढंच माझं म्हणणं.

भगतसिंगांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये तरुण कार्यकर्त्यांना लिहिताना स्वतःच हा भेद केला होता: सुरुवातीचा काळ कदाचित सोडला, तर आपण दहशतवादी नव्हतो. तरी २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या एका इतिहासग्रंथात त्यांच्यासाठी 'क्रांतिकारी दहशतवादी' हा प्रयोग आहे म्हणून मोठा वाद झाला. लेखकांनी तो हेटाळणीच्या अर्थाने वापरला नव्हता. पण सीएसएमटीनंतर तो शब्द कुणाच्या कानाला तटस्थ लागणार?

पुरवणी प्रश्न आला आहे: सैन्यावर हल्ला करणारे कोण?

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, गनीम. मुघल मराठ्यांना गनीम म्हणजे शत्रू, लुटारू म्हणत. आपण त्यातूनच 'गनिमी कावा' अभिमानाने मिरवला. त्यात समोर फौज असते. कायदा मात्र हा भेद करत नाही: यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ मध्ये देशाची एकता, अखंडता, सुरक्षा धोक्यात आणण्याचा हेतूही येतो, त्यामुळे चौकीवरचा हल्लाही त्यात बसू शकतो. संयुक्त राष्ट्रांत भारताने १९९६ मध्ये दहशतवादाविरोधी सर्वंकष कराराचा प्रस्ताव मांडला, तोही मुक्तिलढे आणि सरकारी सैन्यं यांना व्याख्येत घ्यायचं की नाही यावरच अडला.

माझ्यापुरतं सांगते. चौकीवर हल्ला असेल तर 'बंडखोर' किंवा 'सशस्त्र गट' लिहिते, बाजारात बॉम्ब असेल तर 'दहशतवादी'. आणि कुणी केलं हेच कळलेलं नसेल, तर 'हल्लेखोर'.