नवा समुद्री मासा थेट मुख्य टाकीत सोडणं बंद करा

खाडीकाठ :
दर आठवड्याला कुणी ना कुणी फोटो टाकतं. पावडर ब्लू टँग या निळ्या माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आणि खाली प्रश्न : 'आता काय करू?' आता करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, म्हणून हा धागा.

माझं मत सरळ आहे. समुद्रातून आलेला प्रत्येक मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत, म्हणजे क्वारंटाइनमध्ये, राहिला पाहिजे. कारण हे ठिपके आणणाऱ्या परजीवीच्या, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनच्या, जगण्याच्या पद्धतीत आहे. या रोगालाच आपण इक म्हणतो. माशाच्या अंगावर तो तीन ते सात दिवस असतो. मग गळून पडतो, वाळूला नाहीतर दगडाला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार करतो. ती सगळी एकदम बाहेर पडत नाहीत, काही कवचं कित्येक आठवडे तशीच बसून राहतात. त्यामुळे 'ठिपके गेले, बरा झाला' असं लोक लिहितात तेव्हा रोग फक्त माशावरून वाळूत गेलेला असतो.

त्यावरचं औषध तांबं, पण ते मुख्य टाकीत घालता येत नाही. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं मरतं आणि लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणूंनी भरलेला समुद्री दगड, ते शोषून घेतो. मग एकच उपाय उरतो : सगळे मासे बाहेर काढा आणि टाकी मोकळी ठेवा. रूढ मुदत 76 दिवसांची आहे. त्यापेक्षा नव्या एका माशाला महिनाभर बाजूला ठेवणं सोपं नाही का?

दुसरं, मासा नव्या पाण्याला सरावावा म्हणून पिशवीत थेंब थेंब पाणी सोडायचं ते तीन-तीन तासांचं ड्रिप थांबवा. लांबून आलेल्या बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तुम्ही त्यात थेंब थेंब ताजं पाणी सोडत मासा तासन् तास बसवून ठेवता. त्याऐवजी पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल. क्वारंटाइनच्या पाण्याचा खारटपणा पिशवीतल्या पाण्याइतका आधीच करून ठेवा. मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता.

बांगडा_फ्राय :
असहमत. मी हा धंदा करतो, तेव्हा 'दुकानदार बोलणारच' हे आधीच ऐकून घेतलं असं समजा.

मासा पकडला जातो, गोळा करणाऱ्याकडे उपाशी बसतो, मग होलसेलरकडे, मग माझ्याकडे. तुमच्याकडे येईपर्यंत त्याच्या पोटात काही नसतं. त्याला तुम्ही चाळीस लिटरच्या उघड्या काचेत टाकता. आत दोन पीव्हीसीचे एल्बो, नवाकोरा स्पंज फिल्टर ज्यात अमोनिया पचवणारा एक जिवाणू नाही. तिसऱ्या दिवशी अमोनिया. वर तांबं, म्हणजे होती नव्हती ती भूकही गेली. मासा मेला की तुम्ही लिहिता, 'बघा, आजारीच होता, बरं झालं मुख्य टाकीत नाही सोडला.' अहो, तो तुमच्या क्वारंटाइननेच मेला!

मोठी जुनी टाकी, लपायला दगड, दिवसातून दोनदा नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), जोडीला जंतू मारणारा यूव्ही दिवा. अशा ठिकाणी धडधाकट मासा इकशी झुंजतो आणि पुढे काही महिने त्याला प्रतिकारशक्तीही राहते. आणि मँडरिन माशाचं काय करणार? तो कोपेपॉड नावाचे जिवंत सूक्ष्म जीव सोडून बहुधा कशाला तोंड लावत नाही. रिकाम्या काचेत महिनाभर ठेवा आणि हाडं मोजा.

मीटरवाला :
बांगडाभाऊ, प्रतिकारशक्ती खरी आहे, पण ती इकपुरती. वेलवेट, म्हणजे ॲमिलोडिनियम, हा वेगळा परजीवी. त्याला तुमची नोरी दिसत नाही. तो आधी कल्ल्यांत शिरतो. अंगावर पिठूळ थर दिसेपर्यंत मासा धापा टाकत पंपाच्या प्रवाहापाशी उभा असतो आणि दोन-चार दिवसांत टाकी रिकामी होते. शिवाय इकमधून वाचलेला मासा स्वतः ठणठणीत राहूनही थोडा थोडा परजीवी बाळगू शकतो. पुढचा टँग आणलात की भोगतो तो.

क्वारंटाइनने मासे मरतात, कारण लोक ते निष्काळजीपणे करतात. स्पंज आधी महिनाभर मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, ठेवला तर अमोनियाचा मुद्दाच निकाली निघतो. आणि तांब्याबद्दल : साधं आयनिक असेल तर 0.2 पीपीएमच्या आसपास, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) असेल तर 2 ते 2.5. दोन्हींत दहापट फरक आहे, बाटली वाचा. थेंबांच्या किटमध्ये निळ्याच्या छटा ताडत बसू नका, डिजिटल मीटर घ्या. महाग वाटला तर तिघांत एक घ्या. कमी पडलं तर रोग मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. आणि तांबं चालू असताना अमोनिया बांधणारं कंडिशनर घालू नका, त्याने तांबं जास्त विषारी होऊ शकतं. बाटलीवरच्या बारीक अक्षरात हे बहुतेक वेळा असतं आणि कुणी वाचत नाही.

अजून एक. वेलवेट हवेतल्या तुषारांवरूनही जातो, वाऱ्याच्या झोताबरोबर तीन मीटरपर्यंत. दोन्ही टाक्या शेजारी शेजारी ठेवून जाळी तीच वापरणाऱ्यांनी क्वारंटाइन केलंच नाही असं धरा.

सदाशिव_टँक :
तीन मीटर! माझ्या हॉलची लांबी तेवढी आहे. पलीकडे बायको आहे, तिला विचारून सांगतो.

विनोद सोडा. मे महिन्यात चिलर एकच असतो आणि तो मुख्य टाकीला असतो. चाळीस लिटर पाणी दुपारी बघता बघता 32 अंशांवर जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात दिवे गेले की एअर पंप बंद. पुस्तकातलं क्वारंटाइन वातानुकूलित तळघरात चालतं. इथे मी फक्त नजर ठेवायला वेगळा ठेवतो, औषध लक्षण दिसल्यावरच. कातडीवरचे फ्लूक, म्हणजे चिकटून बसणारे चपटे किडे, बघायचे असतील तर त्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, पांढरे पडून खाली गळतात. तेवढ्यासाठी सरसकट सगळ्यांना तांबं पाजायचं कारण नाही. रॅस जातीचे मासे तर तांब्याने बऱ्याचदा खाणंच सोडतात.

जर्सीकर :
इकडे अमेरिकेत क्वारंटाइन करून, खायला शिकवून विकणारे विक्रेते आहेत. मासा महाग पडतो, पण जबाबदारी विक्रेत्याची. तिकडे हे का होत नाही? सगळा भार गिऱ्हाइकाच्या हॉलवर का?

बांगडा_फ्राय :
कारण क्रॉफर्ड मार्केटमध्ये गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाचा भाव सांगून शंभर रुपये कमी करायला लावतं. महिनाभराचं मीठ, वीज आणि मेलेले मासे मी कुणाच्या बिलात धरू?

पण एक गोष्ट धंद्यातला असून सांगतो. बऱ्याच दुकानांत पाण्याचा खारटपणा (विशिष्ट घनतेत) नेहमीपेक्षा कमी, 1.018-1.020 वर असतो. मीठ वाचतं, माशाला जरा हलकंही जातं. सोबत थोडं तांबं सोडलेलं असतं, रोग मारण्याइतकं नव्हे, दाबून ठेवण्याइतकं. म्हणून दुकानात मासा स्वच्छ दिसतो आणि तुमच्या शुद्ध पाण्यात आठवड्याभरात ठिपके फुटतात. विकत घेताना खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात असू द्या. जो दुकानदार पाणी मोजू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

खाडीकाठ :
बांगडाभाऊ, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! 1.018 मधून थेट 1.026 मध्ये सोडलेला मासा आतून सुकतो. उतरता खारटपणा मासे सहज सोसतात, चढता नाही, तो दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावा लागतो. मुख्य टाकीचा खारटपणा एका माशासाठी खाली आणता येत नाही, वेगळ्या टाकीचा येतो. म्हणजे औषध बाजूला ठेवलं तरी ती टाकी लागतेच.

मँडरिनचं मान्य. त्याच्या अंगावर जाड बुळबुळीत थर असतो, इकही त्याला कमी होतो, तिथे मी अडून बसणार नाही. सदाशिवरावांचा उन्हाळाही मान्य, मग मे महिन्यात मासा घेऊ नका. टँगच्या बाबतीत मात्र तसूभरही हलणार नाही. क्लाउन माशाला ब्रुक (ब्रुकलिनेला या परजीवीचा रोग) होतो, त्यावर तांबं चालत नाही, तेव्हा रानातून पकडलेल्यापेक्षा हॅचरीतला घ्या. आपल्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, मागणी आपणच करत नाही.

शेवंती :
सगळं वाचलं, डोकं गरगरलं. माझ्याकडे 200 लिटरची टाकी आहे, दोन क्लाउन आणि एक क्लीनर कोळंबी. पावडर ब्लू घ्यायचा ठरवलाय. तो क्वारंटाइन करू की नको? आणि कोळंबीमुळे इक येतो का?

मीटरवाला :
कोळंबीला इक होत नाही, पण तिच्या कवचावर किंवा सोबतच्या पाण्यातून येऊ शकतो. नवी आणलीत तर तिलाही मासे नसलेल्या टाकीत ठेवा, तांबं अजिबात नाही.

बांगडा_फ्राय :
ताई, 200 लिटरमध्ये पावडर ब्लू घेऊच नका. दिवसभर पोहणारा, भांडखोर मासा आहे, निदान सहा फुटी टाकी लागते. माझ्याकडे आलात तरी मी विकणार नाही.

खाडीकाठ :
+१. फायरफिश बघा. झाकण मात्र जाळीचं आणि घट्ट हवं, उडी मारतो.