मदत हवी आहे: ट्वीड डीलक्स (५ई३), एकच ६व्ही६ लाल होते

प्रश्न
मंडळी, ५ई३ सर्किटचा जुना ट्वीड डीलक्स (फेंडरचा ट्यूबवाला गिटार अँप) पुन्हा उभा करतोय. मुंबईचे २३० व्होल्ट स्टेपडाउनमधून ११७ वर आणलेत. तिन्ही फिल्टर कपॅसिटर नवे, २२ मायक्रोफॅरॅड ५०० व्होल्ट. मेन लाइनमधून चॅसीला जाणारा ०.०५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर काढला आणि अर्थसकट तीन पिनांची वायर बसवली. कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल जाऊ देणारे, पण डीसी अडवणारे) मात्र मूळचे, कागदी. आवाजाचा पोत बदलेल म्हणून त्यांना हात लावला नाही.

चालू केल्यावर काही मिनिटांत दोनपैकी एका ६व्ही६ची (आउटपुट ट्यूबची) प्लेट लाल होते आणि आवाज फाटतो. प्लेटवर ३५२ व्होल्ट, २५० ओमच्या सामाईक कॅथोड रेझिस्टरवर २४, हीटर ६.४. ट्यूबची नवी जोडी घ्यावी का?

प्रतिसाद १
एवढ्यात नको. २४ भागिले २५० म्हणजे ९६ मिलिअँपिअर, दोघींचे मिळून. इथे १९-२० व्होल्ट, म्हणजे ८० च्या आसपास हवेत. रेझिस्टर सामाईक असल्याने एक जास्त ओढते आणि कॅथोड वर चढल्यामुळे दुसरी उपाशी राहते. म्हणून लाल न होणारी ठणठणीत आहे असंही धरू नका.

दोघींची अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर गेली तर ट्यूब खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर सर्किट. मग त्या सॉकेटच्या ५ नंबर पिनवर (ट्यूबचा प्रवाह आवरणाऱ्या ग्रिडवर) चॅसीच्या संदर्भाने डीसी मोजा, एकदा ट्यूब लावून, एकदा काढून. शून्यच हवं.

प्रश्नकर्ता
लाली त्याच सॉकेटवर राहिली. पिन ५ वर ६.१ व्होल्ट, ट्यूब काढली तरी जवळपास तेवढेच. त्या पिनकडे येणारा कपलिंग कपॅसिटर मल्टिमीटरवर ०.१ मायक्रोफॅरॅड बरोबर दाखवतो.

प्रतिसाद २
ट्यूबमध्ये गॅस असता तर ती काढताच पिन शून्यावर आली असती. २२० के (किलोओम) ग्रिड रेझिस्टरवर ६.१ व्होल्ट म्हणजे सुमारे २८ मायक्रोअँपिअर. फेज इन्व्हर्टरच्या (दोन्ही ६व्ही६ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या ट्यूबच्या) प्लेटवर दोनशे व्होल्टच्या आसपास धरले तर कपलिंग कपॅसिटरमधली गळती सातेक मेगाओमची. मल्टिमीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो, त्याला ती दिसणारच नाही. इन्व्हर्टरच्या कॅथोडकडून येणाऱ्या कपॅसिटरवर व्होल्टेज बरंच कमी असतं, त्यामुळे तो गळत असला तरी एवढा बोंबलत नाही.

पण कपॅसिटरवर शिक्का मारण्याआधी बोर्ड तपासा. फायबरचा बोर्ड पावसाळी हवेत ओल धरतो आणि शेजारच्या आयलेटमधून (जोडाच्या धातूच्या कडीतून) डीसी सरकतो. अँप बंद करून १० के ५ वॅटच्या रेझिस्टरने फिल्टर कपॅसिटर रिकामे करा, १० व्होल्टच्या खाली आल्याचं मोजूनच आत हात घाला. कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोल्डर काढून मोकळं करा, पुन्हा चालू करून त्या टोकावर मोजा. चांगला कपॅसिटर क्षणभर उसळून शून्याकडे येतो. गळका १० मेगाओमच्या मीटरवरही शंभराच्या वर टिकून राहील. टोक सुटलेलं असताना पिन ५ वर डीसी उरला तर दोष बोर्डाचा. तसं असेल तर आयसोप्रोपिलने फ्लक्स पुसा, हेअर ड्रायरने सावकाश वाळवा, तरी भागलं नाही तर तो जोड बोर्डावरून उचलून हवेत घ्या.

प्रश्नकर्ता
मोकळ्या टोकावर ११२ आणि खाली यायचं नाव नाही. पिन ५ शून्य. म्हणजे कपॅसिटरच.

प्रतिसाद १
६व्ही६कडे जाणारे दोन्ही कपलिंग कपॅसिटर बदला, ०.१ फिल्म, ६३० व्होल्ट. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने ४०० व्होल्टचा पुढे केला तर घेऊ नका: ५वाय३ (एसीचा डीसी करणारी ट्यूब) लगेच तापते, बाकीच्या ट्यूब तापेपर्यंत ओढ नसल्यामुळे व्होल्टेज चारशेच्या पलीकडे जातं. कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरॅडही २५ व्होल्टचा मूळचा असेल तर तो २४ वर काठावरच होता. ५० व्होल्टचा लावा. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा तारेचा बल्ब मालिकेत जोडा, तोही स्टेपडाउनच्या २३० च्या बाजूला. ११७ च्या बाजूला आपला २३० व्होल्टचा बल्ब फारच अडवतो आणि हीटरही नीट तापत नाहीत.