अनुभव धागा : 1 मेचा निकाल वाटून झाला, पण डोकं शाळेतच?

शिक्षकांनो, सुट्टीत मन जागेवर यायला काय उपयोगी पडतं? नेमकं लिहा.

जि.प., द्विशिक्षकी शाळा
सुट्टी लागते कागद संपल्यावर. वर्णनात्मक नोंदी, निकालपत्रकं आणि पोषण आहाराचा मेळ 30 एप्रिलपर्यंत उरका. तांदूळ वजन करून नोंदवहीतल्या शिलकीशी ताडा. उघडं पोतं राहिलं तर मेमध्ये टोके लागतात आणि जूनमध्ये तूट तुमच्या नावावर. राहिलेलं काम तारीख घालून वहीत लिहा. डोक्यात ठेवलंत की रात्री दोनला आठवतं.

माध्यमिक, सकाळ सत्र
पहिल्या आठवड्यात चिडचिड, डोकेदुखी, रिकामं रिकामं वाटणं हे बहुतेकांना होतं. वर्षभर घंटेवर चालणारा दिवस एकदम सैल पडतो ना! दहापर्यंत लोळू नका, रोजच्या वेळेपेक्षा तासभर उशिरा उठा. घसा बसला असेल तर कुजबुजूनही बोलू नका, त्यानं ताणच पडतो. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करून संध्याकाळी एकदाच बघा. आणि घरच्यांना 'रांगेत या' छापाच्या सूचना देणं थांबवा 😄

चौथीचा वर्ग
शाळा चौथीपर्यंतच असली की अख्खा वर्ग दाखला घेऊन जातो. ही हुरहुर वेगळीच, आणि ती 'आराम करा' म्हणून जात नाही. प्रत्येक मुलामागे दोन ओळी लिहा. गुण नकोत, ते निकालपत्रकात आहेतच. 'फळा नीट दिसत नाही, पुढे बसवा.' 'हातच्याच्या वजाबाकीत शून्य आलं की अडते.' 'ओरडलं की दोन दिवस गप्प, बाजूला घेऊन विचारा.' जूनमध्ये नव्या शाळेकडून दाखल्याची मागणी आली की हा कागद पाचवीच्या बाईंच्या हाती द्या. टपालात टाकलात तर फायलीत जाईल. लिहून झालं की पोरं सोपवल्यासारखी वाटतात, नुसती सुटल्यासारखी नाही.

बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) ड्युटीवाले
सुट्टी? कोणती? प्रशिक्षण, मतदार यादी, जनगणना. आदेश आला की त्याच दिवशी घरी तारखा सांगा, अर्धा वैताग तिथेच टळतो. आदेश, हजेरी, कार्यमुक्तीचं पत्र यांच्या झेरॉक्स ठेवा. आदेशानं सुट्टीत काम केलं तर अर्जित रजा मागता येते, पण कागद नसेल तर सेवापुस्तकात नोंद होत नाही.

नागपूरहून
आमच्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, तुमच्याकडे मध्यावर. राज्यभरच्या ग्रुपवर 'पहिला दिवस'चे फोटो दिसले की उगाच अपराधी वाटतं. फोटो बघू नका, कूलरचं पाणी भरा.