जप केला म्हणजे जबाबदारी टाळली का?

इंद्रायणीकाठ : काल इथे कुणी लिहिलं, "बरे न होणाऱ्या आईबापांच्या उशाशी नामस्मरण करणारी मुलं जबाबदारी देवावर ढकलतात." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळला तेव्हा यकृतात पसरलेला. दोन केमो झाल्यावर "आता पुरे" असं तेच म्हणाले. अठरा वाऱ्या केलेला माणूस. पाठीत कळ उठली की आडवं होता यायचं नाही. स्टुलावर उशी, उशीवर कपाळ टेकून बसायचे. मी शेजारी बसून विठ्ठल विठ्ठल म्हणायचो. बरे व्हावेत म्हणून नव्हे, एकटं वाटू नये म्हणून. जबाबदारी कसली ढकलली? डायपर मीच बदलत होतो.

साधा_प्रश्न : ती पोस्ट माझी. एक शब्द मागे घेणार नाही. आईच्या स्तनात गाठ लागली तेव्हा मावशीने अंगारा आणला, त्यात तीन महिने गेले. शेवटी दुखणं थांबवायला मॉर्फिन लिहून दिलं तर घरात ठरलं, "अंतकाळी शुद्ध हवी, मुखात नाम हवं." गोळ्या कपाटात राहिल्या. आई उशीचा अभ्रा दातांत धरायची.

इंद्रायणीकाठ : फार वाईट झालं. पण ती मावशीची चूक, भक्तीची नव्हे.

साधा_प्रश्न : चांगलं झालं की देवाची कृपा, वाईट झालं की माणसाची चूक. हेच ऐकत आलोय.

रात्रपाळी : मी नर्स आहे. मॉर्फिनबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येते, मग बहुतेकांची उतरते. माणसाला जप सुचत नाही तो दुखण्यापायी. बद्धकोष्ठ मात्र राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. साध्या गोळीचा असर चार तास. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ लावून द्यायची. आणि ती मिळते कुठे? १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने दवाखाने धसकले, २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, तरी आमच्या तालुक्यात नातेवाईक चिठ्ठी घेऊन वणवण फिरतात. यावर भांडा ना!

घाटावरचा : औषध म्हणजेच सगळं का? विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं. त्यांनाही पळपुटे म्हणणार?

साधा_प्रश्न : विनोबांनी स्वतः ठरवलं. माझ्या आईला कोणी विचारलं? कॅन्सर हा शब्दसुद्धा तिला सांगितला नव्हता. "गाठ आहे, जाईल."

घाटावरचा : सांगून काय साधतं? माझ्या आईला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, त्या रात्रीपासून ती जेवली नाही. मला आजही त्या माणसाचा राग येतो.

रात्रपाळी : सांगण्याची रीत चुकली असेल, दादा. पण पेशंटला कळलेलं असतंच. घरचे बाहेर गेले की आम्हालाच विचारतात, "किती दिवस?" २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ पासून ते नोटरीपुढेही करता येतं. आजारच लपवला तर ती बाई कशावर सही करणार?

घाटावरचा : कागदाने आई परत येते का? तुम्ही ड्यूटी संपवून घरी जाता, ताई.

इंद्रायणीकाठ : त्यांच्यावर कशाला घसरता? ताई बरोबर बोलतायत. एक लिहायचं टाळलं होतं. एकादशीला मीही गोळी मागे ठेवली होती. वाटलं, आज तरी यांचं नामात लक्ष लागू दे. दुपारी वडिलांनी माझं मनगट धरलं. "आधी गोळी दे, मग विठ्ठल." आजही टाळ वाजला की ते मनगट आठवतं.

साधा_प्रश्न : हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढा चिडलो नसतो. अंगाऱ्यावर माझं मत तेच राहील. शेजारी बसून नाव घेण्याला माझी हरकत नाही, एवढं मानतो. वडील गेले तेव्हा दुखत होतं का?

इंद्रायणीकाठ : नाही. पहाटे चारची गोळी दिली होती.