मदत हवी आहे: इंजिन तापल्यावरही रेस खाली येत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी आहे. पेट्रोल, फ्युएल इंजेक्शन, हाताचे गिअर. ॲक्सिलरेटर केबलवर चालतो, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची भानगड नाही. थंड इंजिन चालू केलं की आरपीएमचा काटा १५०० च्या आसपास जातो, तिथवर ठीक. पण इंजिन पूर्ण तापून रेडिएटरचा पंखा फिरून थांबला तरी काटा तिथून हलत नाही. पूर्वी तो ८०० वर येऊन बसायचा. आता सिग्नलला उभं राहिलं की लोक वळून बघतात, मी मुद्दाम रेस देतोय असंच वाटत असणार. गर्दीत पहिल्या गिअरला पाय काढला तरी गाडी ओढत राहते.

मध्येच आणखी एक प्रकार होतो. काटा १००० ते १८०० असा झुलायला लागतो. एसी लावला की झुलणं थांबतं, रेस मात्र चढीच. चेक इंजिनचा दिवा कधीच लागलेला नाही.

एअर फिल्टर नवा आहे. केबलला पुरेशी ढील आहे आणि थ्रॉटलचा बटरफ्लाय (इंजिनात हवा सोडणारी झडप) शेवटपर्यंत मिटतो. मेकॅनिक म्हणतो, थ्रॉटलवरचा स्क्रू फिरवून रेस कमी करून देतो. मला ते पटत नाही. सुरुवात कुठून करू? आणि डॅशबोर्डवर तापमानाचा काटा बरोबर मध्यावर असताना टेम्परेचर सेन्सर खराब असू शकतो का?

प्रतिसाद १

स्क्रूला हात लावू देऊ नका. बटरफ्लाय मिटताना घशात अडकू नये म्हणून तो कारखान्यात बसवून दिलेला असतो. तो हलवला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं गणितही बिघडतं, आणि मूळ दोष आहे तिथेच राहतो.

बटरफ्लाय बंद असूनही इंजिन १५०० वर फिरतंय, म्हणजे हवा दुसऱ्या वाटेने आत शिरते आहे. एवढीच वाट शोधायची आहे. थ्रॉटलकडे येणारा जाड पाईप काढा आणि इंजिन चालू ठेवा. (एअरफ्लो मीटर असलेली गाडी अशी बंद पडू शकते, तिथे हा उपाय चालणार नाही.) बटरफ्लायच्या अलीकडे एक-दोन छोटी भोकं दिसतील. आयडल कंट्रोल व्हॉल्व्हची (पाय काढलेला असताना इंजिनला हवा देतो तो) हवा तिथून जाते. एकेक भोक बोटाने दाबून बघा. रेस पडली तर दोष त्या वाटेवरच्या व्हॉल्व्हचा. काहीच फरक पडला नाही तर हवा बटरफ्लायच्या पलीकडे कुठेतरी शिरते: चिरलेला व्हॅक्यूम पाईप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) किंवा मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं) गॅस्केट.

काटा झुलतो तो वेगळा आजार नाही. पाय काढलेला आणि आरपीएम जास्त, असं दिसलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडले की पुन्हा देतो. जादा हवा आत येतच असते, त्यामुळे काटा पुन्हा चढतो. एसीचा भार आला की आरपीएम पेट्रोल तोडण्याच्या मर्यादेखाली राहतात आणि झुलणं थांबतं.

प्रतिसाद २

सेन्सरबद्दल: हो, असू शकतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा. कित्येकदा पंख्यालाही रेडिएटरवरचा स्वतंत्र स्विच असतो, त्यामुळे काटा आणि पंखा दोघांच्या साक्षीला अर्थ नाही. स्कॅनर लावून ईसीयूला किती तापमान दिसतंय ते बघा. स्कॅनर नसेल तर मल्टिमीटर. बऱ्याच सेन्सरचा रोध २० अंशांना २ ते ३ किलोओहम असतो आणि ८० अंशांना २०० ते ४०० ओहमपर्यंत उतरतो. गरम इंजिनवरही किलोओहम दाखवत असेल तर ईसीयू बिचारा इंजिन थंडच समजतोय आणि म्हणून रेस चढी ठेवतोय.

त्याआधी कूलंटची पातळी बघा. इंजिन थंड असताना!

प्रतिसाद ३

ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पाईप विसरू नका. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पेडल खाली जातं. स्कॅनरवर ८८ अंश दिसले, म्हणजे सेन्सर निर्दोष सुटला. वरचं भोक दाबल्यावर इंजिन जवळजवळ बंदच पडलं. खालच्या भोकाला ओढच नाही. आता व्हॉल्व्ह नवा घ्यायचा की साफ करून भागेल?

प्रतिसाद १

खालचं भोक बहुधा मेणाच्या गोळीवर चालणाऱ्या, थंड इंजिनलाच जादा हवा देणाऱ्या फास्ट आयडल व्हॉल्व्हचं. गरम इंजिनवर तिथे ओढ नसणं बरोबर आहे.

आयडल व्हॉल्व्हचा कनेक्टर चालू इंजिनवर काढून बघा. रेसमध्ये काडीचा फरक पडला नाही तर तो कार्बनने अडकलाय किंवा आतून गेलाय. (स्टेपर मोटरवाल्याला ही परीक्षा लागू नाही, कनेक्टर काढला तरी तो आहे तिथेच थांबतो.) आधी साफ करा. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे. स्टेपर मोटरवाला असेल तर टोकाची सुई हाताने दाबू किंवा ओढू नका, आतले दाते जातात. क्लीनर मोटरमध्ये शिरू देऊ नका आणि बसवताना गॅस्केट नवं घाला. बॅटरीची वायर थोडा वेळ काढून परत लावा, मग एसी-दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण तापेपर्यंत आयडलवर चालू द्या. तरीही १५०० च दिसले तर नवा व्हॉल्व्ह घ्या.