एमआरआय ट्रेनिंग: आधी फिजिक्स की आधी सेफ्टी?

रात्रपाळीवाला: स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल. आम्हाला के-स्पेस, टी-१, टी-२ असं प्रतिमा कशी बनते त्याचं सगळं फिजिक्स घोटून घेतलं, आकृत्या काढून मार्कही मिळाले, पण बोअरमध्ये, म्हणजे मशीनच्या बोगद्यात, असताना पेशंटचं हार्ट बंद पडलं तर काय करायचं हे एकदाही कोणी करून दाखवलं नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा कोड टीम (हार्ट बंद पडल्यावर धावून येणारी) लोखंडी सिलिंडरसकट दारापर्यंत पोचलेली आणि मी दारात हात आडवे करून उभा! सीपीआर करत पेशंट खोलीबाहेर काढायचा, दार लावायचं, पुढचं सगळं बाहेर, एवढंच तर होतं. आधी हे ड्रिल, त्यात पास झालात तरच स्कॅन चालवायच्या कन्सोलला हात, फिजिक्स येऊ दे मागून.

टेस्लाताई: मागून म्हणजे कधी? फिजिक्स कळलं नाही तर सेफ्टी म्हणजे पोपटपंची. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनला आरएफ, म्हणजे रेडिओ लहरी, साधारण ६४ मेगाहर्ट्झ, ३ ला १२८, वेव्हलेंग्थ बदलते म्हणून पेसमेकरची एखादी लीड (वायर) ३ ला गार राहते आणि १.५ ला तापते. तरी 'कमी टेस्ला म्हणजे सेफ' म्हणणारे आहेतच. पेशंटच्या इम्प्लांट कार्डावर एमआर कंडिशनल, म्हणजे ठरावीक अटींवरच एमआरआय चालेल, असं दिसलं की घेतलं टेबलवर, कंडिशन काय ते कोण वाचतंय?

रात्रपाळीवाला: कातडीला कातडी लागून भाजू नये म्हणून मांड्यांमध्ये पॅड ठेवायला फॅराडे कशाला लागतो? चेकलिस्ट लागते.

टेस्लाताई: आणि चेकलिस्टमध्ये नसलेलं आलं की? कापडात धातूचे बारीक धागे विणलेले असतात, लेबलवर लिहिलेलं असेलच असं नाही, त्यानेही भाजतं. म्हणून आम्ही सरसकट सगळ्यांचे कपडे बदलतो.

रात्रपाळीवाला: म्हणजे चेकलिस्टच झाली की 😄

जुना_खेळाडू: भांडा तुम्ही, पण आत घुसणारा बहुतेक वेळा तिसराच असतो. २००१ ला न्यूयॉर्क राज्यात ६ वर्षांचा मुलगा स्कॅनसाठी आत असताना कोणीतरी ऑक्सिजन सिलिंडर आत आणला, तो खेचला जाऊन पोराच्या डोक्यात बसला आणि पोरगं गेलं. स्कॅन चालू नसला तरी मॅग्नेट चालूच असतो, हे एक वाक्य वॉर्डबॉय, सफाईवाले, भूल देणारे सगळ्यांना शिकवा. त्यांचं ट्रेनिंग कोण घेणार, तर आपणच ना?

नवीन_बॅच: मधेच विचारते, शेवटच्या वर्षाला आहे. ट्रॉली चिकटली तर क्वेंच, म्हणजे हेलियम उडवून चुंबक बंद करायचं बटण, दाबायचं ना?

जुना_खेळाडू: अगं नाही!! माणूस अडकलाय, जीवावर बेतलंय, तरच. नुसती ट्रॉली असेल तर खोली बंद कर आणि इंजिनिअरला बोलव. हेलियम उणे २६९ अंशालाच उकळतं, बाहेर जायचा पाइप तुंबलेला असला तर गॅस खोलीत, ऑक्सिजन कमी, आणि आत उघडणारं दार दाबाने उघडतच नाही. शिवाय बटण दाबलं की चुंबकाची ओढ त्याच क्षणी जात नाही, मिनिटभर तरी लागतं असं धर.

रात्रपाळीवाला: बघा, शेवटचं वर्ष आणि हे कोणी सांगितलेलं नाही.

टेस्लाताई: सांगितलं असेल हो, का ते सांगितलं नसेल म्हणून राहिलं नाही लक्षात.