शब्दचर्चा : चित्रकथेतला 'टीकाकार'

लातूरहून : शाळेच्या हस्तलिखितासाठी आमची मुलं चित्रकथेची मालिका करतायत. त्यातलं एक पात्र गावोगावची प्रदर्शनं बघतं आणि चित्रांविषयी बोलतं. मुलांनी त्याला 'टीकाकार' म्हटलंय. मला 'कलासमीक्षक' बरा वाटतो. टीका म्हटलं की नावं ठेवणंच डोळ्यांपुढं येतं.

पैठणहून : सर, नावं ठेवण्याचा अर्थ टीकेला मागाहून चिकटला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ओवी आहे, 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें'. म्हणजे इ. स. १२९०. आपेगावच्या आपल्या माउलींनी गीतेला नावं नाही ठेवली, तिचा अर्थ लोकांच्या भाषेत उलगडला. नाथांचं भागवतही एकादश स्कंधावरची टीकाच. एवढा मानाचा शब्द मुलांना आपसूक सुचलाय, तो खोडू नका.

संभाजीनगरहून : शब्द मानाचा खरा, पण रोजच्या पेपरात 'विरोधकांची टीका' वाचणारं पोर त्याचा काय अर्थ घेईल? 'समीक्षक' सुरक्षित आहे. समीक्षा म्हणजे नीट, सगळ्या बाजूंनी पाहणं.

पैठणहून : मुलं मोठ्यानं वाचतील तेव्हा 'कलासमीक्षक' जड जाईल हो. आणि आधी पात्राचं काम बघा. टिनटिन या चित्रकथामालिकेची शेवटची कथा, तिचे चित्रकार हर्जे १९८३ मध्ये गेल्यामुळं अपुरी राहिली. तिच्यात बनावट चित्रांचा धंदा आहे आणि एक चित्रतज्ज्ञ बेपत्ता होतो. तशा माणसाला मी 'पारखी' म्हणेन. आमच्याकडं जाणती बाई पैठणी घेताना आधी पदर उलटा करते. हातमागाची असली तर मागूनही मोर तितकाच स्वच्छ दिसतो. खरं-खोटं असं ओळखणं म्हणजे पारख, आणि हा शब्द 'परीक्षा'वरूनच आलाय. अर्थ सांगणारा तो टीकाकार. दोन्ही कामं वेगळी.

लातूरहून : आमचं पात्र खोटी सही ओळखत नाही. अजिंठ्याचा पद्मपाणी बघून त्याची झुकलेली नजर, हातातलं कमळ पोरांना समजावून सांगतं.

पैठणहून : मग टीकाकारच! फक्त पहिल्याच फुग्यात त्याच्या तोंडी घाला, 'मी चित्राला नावं ठेवत नाही, चित्र उलगडून सांगतो.' संभाजीनगरकरांची शंकाही तिथंच फिटेल.